डावीकडचा खळगा

रविवारी खालचा सोफे-खुर्च्या दुरुस्तीचा कारखाना बंद असतो. त्या रविवारी मात्र अख्खं घर कारखान्यातच जमलं, कारण वरच्या बैठकीच्या खोलीत कुणाला बसवत नव्हतं. आदल्या दुपारी फौजदाराने आईच्या खुर्चीकडे पाठ केली, शेपूट ताठ उभी करून थरथरवली आणि जे करायचं ते करून टाकलं. साबण झाला, सोडा झाला, आत्याची अत्तराची बाटली रिकामी झाली, खिडक्या रात्रभर सताड उघड्या राहिल्या, तरी वास हलायला तयार नाही. असलं मांजर ज्यांनी पाळलेलं नाही त्यांना तो वास सांगून कळायचा नाही. साध्या बोक्याचा वास नाकाला झोंबतो, याचा डोक्यात जाऊन बसतो.

शेवटी सकाळी खुर्ची खाली आणली. एका बाजूने थोरल्याने धरली, दुसऱ्या बाजूने धाकट्याने, आणि अख्खा जिना उतरताना दोघं भाऊ "सांभाळ" आणि "पायरी" एवढंच बोलले. आता ती कारखान्याच्या मधोमध उभी होती आणि तिच्याभोवती घर बसलं होतं. दोघांचे वडील नाना आपल्या जुन्या बुटक्या स्टुलावर. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे सगळ्यांची आत्या, एका उसवलेल्या सोफ्याच्या कडेवर, नाकाला रुमाल लावून. वहिनी, थोरल्याची बायको, कापड बेतायच्या लांब टेबलाशी, कारण तिला दुसरीकडे उभं राहायची सवयच नव्हती. आरोपी कापडाच्या ताग्यांच्या फळीवर, सगळ्यात वरच्या ताग्यावर, लांबलचक पाय मुडपून बसला होता आणि मोठाले कान एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे वळवत होता.

"मी एकदाच बोलतो," थोरला म्हणाला. हे वाक्य तो किमान दहा वेळा बोलतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. "दातांच्या डॉक्टरांचे सोफे परत आलेत. त्यांचे पेशंट आधीच घाबरलेले, त्यात हा वास. त्याआधी त्या शाळेच्या बाईंची आरामखुर्ची. आई होती तोवर निभावलं. आता नाही निभावत. आपण लोकांची घरं नीट करून देतो नाना, आणि आपल्याकडून जाताना त्यांच्या घरात हे जातं."

नाना खुर्चीकडे बघत नव्हते. ते फळीवर बघत होते.

"तो मुद्दाम करत नाही, दादा," धाकटा म्हणाला.

"मुद्दाम करत नसेल तर आणखी वाईट. मुद्दाम करणाऱ्याला निदान समजावता येतं."

"हे बघ, त्याचा पणजोबा रानातला आहे. थेट रानातला. रानात जनावर हद्द आखतं, ती अशीच—"

"मग रानात आखू दे की! माझ्या कारखान्यात कशाला हद्द आखतोय? भाडं भरतो का तो?"

"एका वेळी एकाने बोला," आत्या रुमालामागून म्हणाली. जन्मभर टेलिफोन खात्यात जोडण्या करून दिलेली बाई. घरातलं भांडण तिला अजूनही गुंतलेल्या तारांसारखं दिसायचं. "आणि मला विचाराल तर मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मांजराचे कान एवढे असतात का? फ्रिज उघडतो, नळ सोडतो, कपाटावरून उडी मारली की खालच्या माणसाचा जीव जातो. उद्या दारावरची बेल वाजवून आत येईल मेला."

थोरल्याने मान डोलावली. आत्या आपल्या बाजूने आहे हे पाहून त्याला बरं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. त्याची नजर पुन्हा पुन्हा खुर्चीच्या पाठीवर जात होती, जिथे निळसर कापडावर ओला काळपट डाग पसरला होता. त्या खुर्चीबद्दल एक गोष्ट त्याला माहीत होती, ती त्याच्या बायकोला माहीत होती आणि तिसऱ्या कुणालाही नाही. ती खुर्ची आईची नव्हती.

म्हणजे सांगाडा तिचाच. पण आई गेल्यापासून नाना त्या खुर्चीत वाकडे बसत होते, स्प्रिंगा खालून टोचत होत्या, फौजदाराने कापडाच्या चिंध्या केल्या होत्या, आणि नानांचा हुकूम होता की तिला हात लावायचा नाही. मागच्या आठवड्यात हर्नियाच्या ऑपरेशनसाठी नाना दवाखान्यात राहिले तेव्हा थोरल्याने हात लावला. नव्या स्प्रिंगा, नव्या पट्ट्या, आतल्या घोड्याच्या केसांच्या जागी चांगला दाट फोम. कापड वहिनीने शोधलं. जुन्याच ताग्याचा उरलेला तुकडा फळीच्या तळाशी होता. तो तिने धुतला, गच्चीवर उन्हात टाकला, पुन्हा धुतला, जुन्याइतका विटेपर्यंत. खुर्ची हुबेहूब झाली. नाना घरी आले, हळूच टेकले, "हं" म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

थोरल्याला आधी आनंद झाला होता. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर वाईट वाटलं. ज्या माणसाने आपल्याला बोटाने स्प्रिंगेचा ताण ओळखायला शिकवलं त्याला आता कळत नाही, म्हणजे म्हातारपण खरंच आलं. हे काही तो बायकोशीही बोलला नाही.

"मी नेतो त्याला," धाकटा अचानक म्हणाला.

"कुठे?"

"माझ्याबरोबर."

"दौऱ्यावर? गाडीत? नाटकाच्या सामानात?" थोरला हसला. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, थकवा होता. "तू आज या गावात दिवे लावतोस, उद्या त्या गावात. परवा कुठल्यातरी रंगमंचाच्या छतावर हा जाऊन बसेल आणि नायिकेच्या डोक्यावर उतरेल."

फौजदाराला धाकट्यानेच आणलं होतं. काम बंद पडलेलं, घरात बसून भिंती खायला उठलेल्या, आणि कुणाच्या तरी फोटोत हे ठिपक्यांचं, लांब पायांचं पिल्लू दिसलेलं. किती देखणं होतं ते! आणल्यावर पहिल्या काही दिवसांत ते तळहातावर मावायचं आणि सगळं घर त्याच्यासाठी वेडं झालं होतं, दादासुद्धा. मग काम सुरू झालं, दौरे सुरू झाले, पिल्लू मोठं झालं आणि त्याने आईला निवडलं. अशी जनावरं एकच माणूस निवडतात, हे धाकट्याला नंतर कळलं. बाकीच्यांशी ती भाडेकरूसारखी वागतात. सकाळी उठून प्रत्येक खोलीत जाऊन तपास करायचा म्हणून नावही आईनेच ठेवलं. सोफे चढवायची-उतरवायची वेळ झाली की ती त्याला वर नेऊन मांडीवर घ्यायची, आणि तो घरघर करत पडून राहायचा. त्याला कच्चं मांस हाताने भरवायची ती, स्वतः कधी मांसाला शिवत नसताना. त्याचा डॉक्टर शोधला तिनेच. तीन जणांनी "असल्याला आम्ही हात लावत नाही" म्हणून परत पाठवलं होतं.

आई गेली तेव्हा धाकटा दौऱ्यावरच होता. त्याने आणलेली वस्तू आईने सांभाळली आणि आता दादा सांभाळतोय, हे त्याला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच तो आवाज चढवत होता.

"म्हणजे ठरलंच का तुमचं?" तो म्हणाला. "मला बोलावलं ते कशाला? सह्या करायला?"

"त्या जाळीच्या आवारवाल्या बाई येतायत दुपारी," वहिनी हळू म्हणाली. "फोनवर मीच बोलले. त्यांच्याकडे असेच बरेच आहेत. साध्या मांजरांच्या आश्रमात याला कुणी घेत नाही. त्या घेतात. मोठी आवारं आहेत, झाडं आहेत. म्हणाल्या, येताना ओळखीच्या वासाचं काहीतरी द्या बरोबर, नाहीतर ही जनावरं खाणं सोडतात."

"तूसुद्धा, वहिनी?"

वहिनीने कात्री उचलली आणि पुन्हा ठेवली. दिराचं लग्न मोडलं तेव्हा त्याला जेवायला उठवणारी तीच होती, आणि त्याच्या "तूसुद्धा"ने तिला आत कुठेतरी लागलं. पण तिला टोचत होतं ते वेगळंच. काल दुपारी फौजदार खुर्चीशी उभा होता तेव्हा ती दारात होती. आठवडाभर तो त्या खुर्चीभोवती घिरट्या घालत होता. पुढचे पंजे सीटवर ठेवायचा, नाक लावायचा, उतरायचा. पुन्हा यायचा. जिथे तो रोज दुपारी झोपायचा तिथे तो एकदाही चढला नाही. काल त्याने शेवटचं हुंगलं आणि पाठ केली.

ज्या घरात रोज परक्या घरांच्या खुर्च्या येतात, कुणाच्या कुत्र्याच्या, कुणाच्या मांजराच्या वासाच्या, तिथे त्याची एक खुर्ची होती. ती आम्ही बदलली, असं तिच्या मनात आलं. कापड तर मीच कापलं.

"बाकी त्या खुर्चीवर करायला नको होतं त्याने," आत्या म्हणत होती. "एवढ्या खुर्च्या पडल्यात. नेमकी तीच? माणसाची तरी आठवण ठेवावी. कृतघ्न जनावर."

"आत्याबाई," वहिनी म्हणाली, "ती खुर्ची तिची नाहीये."

थोरल्याने तिच्याकडे पाहिलं. वीस-पंचवीस वर्षांच्या संसारात त्याने तिला असं डोळ्यांनी विनवलं नव्हतं. ती थांबली नाही.

"नाना दवाखान्यात होते तेव्हा आम्ही ती उसवली. आतलं सगळं नवं आहे. कापड जुन्याच ताग्याचं, पण ते मी धुऊन विटवलं. ह्यांना तुमची पाठ बघवत नव्हती नाना. वाईट हेतू नव्हता त्यात. पण फौजदाराच्या लेखी कुणीतरी आईची खुर्ची नेली आणि जागेवर परकी आणून ठेवली. त्यात त्याचं काय चुकलं? आपल्या गुन्ह्याची शिक्षा त्याला नको. पाठवायचं तर पाठवा, पण या कारणासाठी नको."

आत्याने रुमाल नाकावरून काढला. धाकटा भावाकडे बघत राहिला. आता दादावर चढून बोलायची संधी मिळाली हे त्याच्या लक्षात आलं होतं, आणि नवल म्हणजे बोलावंसं वाटत नव्हतं. दादाचा चेहरा तसा होता.

नानांनी विचारलं, "केस कुठायत?"

"काय?"

"आतले केस. टाकलेस?"

"टाकीन कसे?" थोरल्याचा आवाज दुखावल्यासारखा झाला. "तुम्हीच शिकवलंय ना, फोम फेकून द्यायचा, केस टाकायचे नाहीत. पोत्यात भरून पोटमाळ्यावर ठेवलेत. पिंजायचे राहिलेत."

नाना पुढे काही म्हणणार तेवढ्यात धाकट्याची नजर फळीवर गेली. वरचा तागा रिकामा होता. कारखान्याचं मागचं दार, आडव्या मुठीचं, ज्या मुठीवर लटकून ते उघडायला फौजदाराला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नसे, हातभर उघडं होतं.

यानंतर जे झालं त्याला धावपळ म्हणतात. थोरला, ज्याला तो नकोच होता, सगळ्यात आधी बाहेर पळाला, पायात चप्पलही न घालता. मागची गल्ली, पलीकडचं गॅरेज, कोपऱ्यावरच्या छापखान्याचं छप्पर. धाकटा दुसऱ्या बाजूने गेला. त्याला त्या घराची भीती होती जिथे अंगणात ससे पाळले होते. मागच्या खेपेला फौजदार त्यांच्या कुंपणावर नुसता बसला होता, तर त्या घरच्या माणसाने फावडं घेतलं होतं हातात. आणि धाकट्याला तेव्हा त्याचा राग आला होता. आज गल्लीतून धावताना त्याला कळलं की आपण त्या माणसाच्या जागी असतो तर आपणही तेच केलं असतं. ज्याला फौजदार माहीत नाही त्याला तो ठिपक्यांचा वाघच दिसणार. आणि ज्याला माहीत आहे त्याला तरी कुठे कळला होता तो? नाव आईने ठेवलं, खाणं आईने भरवलं, घाण वहिनीने काढली, बोलणी दादाने खाल्ली. आपण काय केलं, तर फोटो काढले. सशांच्या घरापाशी तो पोचला. ससे गवत खात होते, अगदी निवांत. तो कुंपणाला हात लावून उभा राहिला आणि त्याला रडू आलं. आई गेल्याचं तेव्हा आलं नव्हतं ते बहुतेक आता आलं.

कारखान्यात आत्या तेवढी जागची उठली नव्हती.

"तुम्ही नाही गेलात शोधायला?" वहिनीने विचारलं. ती दारात उभी होती, बाहेर जाऊ की थांबू अशी.

"पळून काय होणारे? तो बाहेर गेलेलाच नाही."

"म्हणजे?"

आत्याने रुमालाची घडी केली. मग उलगडली. "बाहेरचा गोल जिना आहे ना, तो मागच्या दारातूनच पोटमाळ्यावर जातो. आठवडाभर रोज जातोय तो दुपारचा. मला वाटलं उंदीर असतील. मग म्हटलं, उपाशी कशाला जनावर, म्हणून बशी नेऊन ठेवते. मांसाचे दोन तुकडे. चिमट्याने हं! हात नाही लावत मी."

वहिनी तिच्याकडे बघतच राहिली. "आणि इथे बसून मेला, कृतघ्न—"

"म्हणणारच. मेलाच आहे तो," आत्या म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "तुझी सासू गेल्यावर या घरात दुपारी तिची वाट बघणारा एकच जीव उरला होता. माझ्यासारखाच. आता तोही जाणार. जाऊ दे. मी सांगितलं म्हणून नानाला सांगू नकोस."

पण नाना केव्हाच उठले होते. ऑपरेशनला दोन आठवडेही नाही झाले, जिने चढायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि ते गोल जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी चढत होते. वहिनी मागे धावली. त्यांनी तिला थांबवलं नाही, फक्त म्हणाले, "आवाज करू नकोस."

पोटमाळ्यावर छताच्या झरोक्यातून ऊन येत होतं. जुने सांगाडे, गुंडाळलेल्या पट्ट्या, आणि कोपऱ्यात एक पोतं, तोंड सुटलेलं. त्यातून काळे-करडे केस अर्धे बाहेर आले होते आणि त्या ढिगात, नाकावर शेपूट घेऊन, फौजदार झोपला होता. शेजारी आत्याची निळी बशी, चाटून लख्ख.

नाना एका सांगाड्यावर टेकले. त्यांना धाप लागली होती.

त्यांना कळलं होतं. दवाखान्यातून येऊन टेकले त्याच क्षणी कळलं होतं. त्यांची बायको त्या खुर्चीत डावीकडे कलून बसायची. लग्नानंतर पहिली खुर्ची त्यांनी तिच्यासाठी केली तेव्हापासून, कारण उजेड त्या बाजूने यायचा आणि तिला शिवण दिसायची. वर्षांनुवर्षं केस त्या बाजूला दबत गेले आणि सीटवर डावीकडे एक खळगा पडला. गिऱ्हाइकाची खुर्ची असती तर नानांनी उसवून सारखी केली असती. तिची नाही केली. ती गेल्यावर त्या खळग्यात फौजदार झोपायचा, आणि नाना खळगा त्याला मोकळा सोडून कडेवर वाकडे बसायचे. स्प्रिंगा टोचायच्या त्या म्हणूनच. थोरल्याच्या खुर्चीत खळगा नव्हता. काम मात्र नजर लागावी असं होतं. शिवण सरळ, कोपरे गच्च, पाठीला असा आधार की डोळे मिटावेत. पोराने हे आपल्या पाठीसाठी केलंय हे कळत होतं, त्याला काय बोलायचं? म्हणून "हं" म्हटलं. माणसाला गप्प बसता येतं. जनावराला कुठून यायचं? त्याच्याकडे सांगायची एकच रीत, ती त्याने वापरली.

खालून पावलं वाजली. थोरला वर आला, पाय धुळीने माखलेले, मागे धाकटा. दोघंही दारातच थबकले. बापाला, पोत्याला आणि त्यातल्या झोपलेल्या जीवाला बघून थोरल्याला एका दमात सगळं उमगलं.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

"खुर्ची चांगली केलीस," नाना म्हणाले. "तुझ्याहून चांगली मलाही जमली नसती."

थोरला खाली बसला. भलाथोरला बाप्या, पण पोटमाळ्याच्या फळ्यांवर मांडी घालून बसला, आणि धाकट्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला तो त्याने झटकला नाही.

"मग राहू दे त्याला," थोरला म्हणाला. "आता मलाच नको वाटतंय. डॉक्टरांचे सोफे पुन्हा करून देऊ. कारखान्याला जाळीचं दार लावू."

"आत्या पण हो म्हणेल," वहिनी म्हणाली.

"मी काही म्हटलेलं नाही!" जिन्याखालून आवाज आला.

सकाळपासून ज्यांना तो नको होता त्यांना सगळ्यांना आता तो हवा झाला होता, आणि कुणीतरी एकट्याने उलटं बोलायची वेळ आली होती. ती नानांचीच होती. "नाही," ते म्हणाले. "जाऊ दे त्याला."

"नाना!" धाकटा म्हणाला.

"ऐक. वरचं कापड मांजराचं आहे, आत भरलंय वेगळंच. हे तुझ्या आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणून तिने आपला सगळा दिवस त्याला दिला. आपल्यात कुणाकडे तेवढा दिवस आहे? तुझ्याकडे? दादाकडे? मी आज हा जिना कसा चढलो मला ठाऊक. इथे रोज सकाळी गाडी येते आणि चार परकी घरं उतरवून जाते. तिची मांडी होती तोवर त्याने सोसलं. आता पोत्यात शिरून बसलाय. हे काय जगणं आहे? याला प्रेमाने ठेवून घेतलं तर ते आपलं समाधान, त्याचं नाही."

"मी आणायलाच नको होता," धाकटा म्हणाला.

"नको होता. पण आणलास म्हणून तुझी आई शेवटची वर्षं हसली. दोन्ही खरं आहे. काय करणार?"

झोपेतच फौजदाराचा एक कान वळला आणि पुन्हा सरळ झाला.

"त्या बाई काय म्हणाल्या होत्या गं?" नानांनी सुनेला विचारलं. "ओळखीच्या वासाचं?"

ती हो म्हणाली, आणि पुढचं न सांगता खाली गेली. जुन्या कापडाच्या चिंध्या तिने जपून ठेवल्या होत्या. टाकवल्या नव्हत्या, का ते तिलाही सांगता आलं नसतं. त्यातला धड भाग बेतून तिने टेबलावर एक गादी कापली, पिंजऱ्याच्या मापाची. थोरल्याने कडा शिवल्या. धाकट्याला काही येत नव्हतं, त्याला केस पिंजायला बसवलं; लहानपणी दोघं भाऊ त्यासाठी भांडायचे, कारण हातात नुसती गुदगुली व्हायची. केसांतून धूळ उडाली, थोडा आईच्या साबणाचा वास आला, आणि क्षणभर सगळेच थांबले. मग पुन्हा कामाला लागले. आत्या तर वरून एक जुनी शाल घेऊन आली आणि "मला थंडी वाजत नाही हल्ली" म्हणून टेबलावर ठेवून गेली.

भरायला नाना बसले.

"थोडे ठेवू या ना, नाना," थोरला म्हणाला. "तुमच्यासाठी. अर्धे तरी."

"अर्ध्यावर तो झोपायचा नाही. अर्धंमुर्धं त्याच्या नशिबात आधीच पुष्कळ आहे." त्यांनी सगळे भरले. डावीकडे हात थांबला. तिथे त्यांनी कमी भरलं, मुठीने दाबलं, पुन्हा दाबलं, लांब सुईने वरून खालपर्यंत टाका घालून तो भाग खाली ओढून घेतला. गिऱ्हाइकाच्या कामात याला खोट म्हणतात.

आवारवाल्या बाई दुपार कलताना आल्या. जाड हातमोजे कमरेला खोचलेली, कमी बोलणारी बाई. खुर्चीचा वास घेऊन त्यांनी नाक मुरडलं नाही. "माझ्याकडे सगळे असेच येतात," त्या म्हणाल्या. "पिल्लू असताना फोटो येतो, मोठं झालं की फोन. देणारी माणसं वाईट नसतात हो. चांगलीच असतात, म्हणून तर रडतात." मग त्यांनी हातमोजे चढवले, कारण असला प्राणी पिंजऱ्यात घालणं म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. मागे एकदा डॉक्टरकडे न्यायचं होतं तेव्हा घरातले सगळे रक्तबंबाळ झाले होते.

"थांबा जरा," नाना म्हणाले. त्यांनी गादी पिंजऱ्यात अंथरली, पिंजरा जिन्याच्या तळाशी ठेवून दार उघडं टाकलं आणि सगळ्यांना मागे घेतलं.

फौजदार स्वतःच आला. एकेक पायरी उतरत, लांब पाय सावकाश टाकत, तपासाला निघाल्यासारखा. पिंजऱ्याशी थांबला. आत मान घातली, नाक लावलं, कान मागे गेले, पुढे आले. पंजा ठेवून बघितला. मग आत शिरला, दोनदा गोल फिरला आणि डावीकडच्या खळग्यात अंग टाकून बसला. घरघर ऐकू आली ती दारातल्या आत्यालाही. आई गेल्यापासून ती कुणी ऐकली नव्हती.

बाईंनी हातमोजे काढले आणि हळूच दार लावलं. धाकटा पिंजऱ्याबरोबर गाडीत चढला. "सोडून येतो," म्हणाला, "आणि दर खेपेला दौऱ्यावरून येताना आधी तिकडे जाईन." दादाने आत्याची निळी बशी आणून त्याच्या हातात दिली.

गाडी गेली. वहिनीने दार लावलं, मूठ दोनदा ओढून पाहिली, मग लक्षात आलं की आता त्याची गरज नाही.

कारखान्याच्या मधोमध खुर्ची तशीच उभी होती. नाना स्टूल ओढून तिच्याशी बसले आणि खिळे उपटायला घेतले. थोरला दुसऱ्या बाजूला बसला. दोघांनी मिळून वहिनीने विटवलेलं कापड सोडवलं, फोम काढला, पट्ट्या कापल्या. उसवण्यात दोघांचा हात सारखाच चालायचा, हे पूर्वीपासून होतं. सांगाडा मोकळा झाला तेव्हा बाहेर अजून उजेड होता.

"आत काय भरू?" थोरल्याने विचारलं. मान वर न करता.

"केसच भर. नवे आण."

"आणि डावीकडे? कमी ठेवू?"

नानांनी सांगाड्याच्या रिकाम्या चौकटीवरून हात फिरवला.

"नको. सगळीकडे सारखे भर," ते म्हणाले. "तिचा खळगा तो घेऊन गेला. माझा मी बसून पाडीन."